ऑपेरा हाउसच्या आत, २३ वर्षांनी

केळेवाडी — १९ फेब्रुवारी २०१७

काल रात्री ऑपेरा हाउसमध्ये जाऊन आले. एवढं एक वाक्य आधी लिहून टाकते, बाकीचं सावकाश.

गिरगावात वाढलेल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: ऑपेरा हाउस ही आमच्या लेखी इमारत नव्हती, बसस्टॉप होता. "ऑपेराहाउसवाले पुढे चला" असं कंडक्टर ओरडायचा आणि हिरेबाजारातली माणसं, हरकिसनदास हॉस्पिटलात डबा घेऊन निघालेली माणसं, आमच्यासारखी शाळेची पोरं, सगळी एकदम उतरायची. तिथे कधीकाळी खरोखरचा ऑपेरा होत असे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर रॉक्सी, मॅजेस्टिक, सेंट्रल तसंच हेही एका थेटराचं नाव असेल, असाच समज.

आत मी त्याआधी एकदाच गेले होते. शाळेत होते, मे महिना होता, आणि आत्या मॅटिनीला घेऊन गेली होती. सिनेमा कुठला, काही म्हणता काही आठवत नाही. आठवतं ते छत. मान मागे टाकून मी पूर्ण वेळ वरच बघत होते, कारण वर एक कबुतर होतं आणि ते मधूनच प्रोजेक्टरच्या झोतात यायचं. मग पडद्यावर हिरोच्या तोंडावरून एक भलीमोठी सावली जायची आणि सगळी बाल्कनी ओरडायची. आत्या म्हणाली होती, "तिकिटाचे पैसे कबुतरावरच गेले तुझे."

१९९३ मध्ये ते बंद झालं. मग रोज कुलूपच बघायचं. समोरून जाताना दर पावसाळ्यात वरच्या दगडातून आलेला पिंपळ थोडा मोठा झालेला दिसायचा. आमच्या चाळीत पैज लागायची की हे आधी पडेल की आमची चाळ. चाळ आधी गेली. तिथे आता टॉवर आहे आणि आम्ही डोंबिवलीला आहोत.

ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा मामी या मुंबईच्या चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन तिथे झालं, सगळे सिनेमावाले आले, फोटो पेपरात पाहिले. आम्हाला कोण बोलावतंय! त्यात दिवाळी आली, मग नोटाबंदी आली. शेवटी काल गाण्याच्या एका कार्यक्रमाचं तिकीट काढलं. आयोजकांनी लावलेलं तिकीट बघून नवरा म्हणाला, एवढ्यात चार नाटकं होतील. म्हटलं, होतील, पण छत नाही मिळणार.

छत तिथेच आहे. घुमटाचे आठ भाग आहेत आणि ते कवी, नाटककार, कादंबरीकारांना वाहिलेले आहेत. लहानपणी मला ती नुसती धुरकट भिंत वाटली होती. आता सोनेरी रेघा सुट्ट्या दिसतात. खाली लाल खुर्च्या, बाजूला सज्जासारखे बॉक्स, आणि प्रवेशदालनात टांगलेली प्रचंड झुंबरं. एक म्हातारे गृहस्थ माझ्यासारखेच मान मोडून वर बघत होते. मी विचारलं, "तुम्ही पण गिरगावातले का?" ते म्हणाले, "नाही हो, मानेचा व्यायाम सांगितलाय." मग दोघंही हसलो. ते गिरगावातलेच निघाले, फणसवाडीतले.

कुणाकुणाच्या आठवणी आहेत? लिहा.

मठ्ठभैरव — १९ फेब्रुवारी २०१७

पहिला रुमाल माझा.

लेख आवडला, पण एक शंका. साहेबाने साहेबासाठी बांधलेलं करमणुकीचं घर, नावातच 'रॉयल'. ते चकाचक झाल्याचा आपल्याला एवढा उमाळा कशाला? गिरगावात मराठी नाटकाच्या तालमींना खोली मिळत नाही, त्याचं बघा की.

तिसरी_घंटा — १९ फेब्रुवारी २०१७

मठ्ठभैरव, साहेबाने बांधलेलं हे अर्धंच खरं. पैसा आणि धडपड होती दोघांची. एक कलकत्त्याचा नाटकं-जलसे फिरवणारा मॉरिस बँडमन आणि दुसरे आपले मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाचे व्यापारी. १९०९ मध्ये काम सुरू झालं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज मुंबईत आला तेव्हा त्याच्या हस्ते उद्घाटन उरकून घेतलं, बांधकाम अजून चालू असताना. म्हणून 'रॉयल'. अर्धवट कामाचं उद्घाटन करण्याची परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे. त्याच भेटीची आठवण म्हणून गेटवे बांधायला घेतला, तो पुरा व्हायला १९२४ उजाडलं. त्यामानाने ऑपेरा हाउसवाले वेळेत होते म्हणायचे.

आणि 'संगीत मानापमान' पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेही १९११ सालीच. साहेब साहेबाचं करत होता, आपण आपलं.

तालमीच्या खोलीबद्दल मात्र सहमत.

पानसुपारी — २० फेब्रुवारी २०१७

केळेवाडीताई, जुने दिवस समोर उभे केलेत.

माझे आजोबा ठाकूरद्वारला राहत. ते सांगायचे की बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं गाजलेलं 'संयुक्त मानापमान' याच ऑपेरा हाउसमध्ये झालं आणि ते स्वतः वरच्या गॅलरीत उभे राहून ऐकत होते. टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग होता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता म्हणे, माइक वगैरे काही नाही. या वास्तूचा मराठी रंगभूमीशी याहून मोठा संबंध कुठला असेल? तिथे तशी पाटी लावायला हवी.

तिसरी_घंटा — २० फेब्रुवारी २०१७

पानसुपारीकाका, लहान तोंडी मोठा घास, पण 'संयुक्त मानापमान' ऑपेरा हाउसमध्ये झालं नाही. ८ जुलै १९२१, ग्रँट रोडचं बालीवाला थिएटर. नायक धैर्यधर झाले होते केशवराव, नायिका भामिनी बालगंधर्व. टिळक स्वराज्य फंडाचं तुम्ही म्हणता ते बरोबर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय अवघं ३१. म्हणून त्या प्रयोगाची दंतकथा झाली आणि दंतकथेला मोठं घर लागतं. लोकांनी तिला ऑपेरा हाउसमध्ये नेऊन बसवलं असणार.

बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर गायले आहेत, पृथ्वीराज कपूर तर तिथे मुक्कामालाच असल्यासारखे होते. तेव्हा पाटीला मजकूर कमी पडणार नाही.

मठ्ठभैरव — २० फेब्रुवारी २०१७

काकांची पाटी घंटेने काढली. खिक्.

पानसुपारी — २१ फेब्रुवारी २०१७

घरातलं एक जुनं नाट्यविषयक पुस्तक काढून पाहिलं. घंटा बरोबर आहेत, बालीवालाच. आजोबांची क्षमा मागून चूक कबूल करतो.

रात्रभर मात्र डोक्यात किडा. आजोबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. आता वाटतं की त्यांनी तीन संध्याकाळींची एक करून सांगितली. बालीवालातला प्रयोग, कधीतरी ऑपेरा हाउसच्या गॅलरीत उभं राहून ऐकलेलं गंधर्वांचं दुसरं एखादं नाटक, आणि तिसरं म्हणजे आमच्यासमोर थोडा रुबाब. गॅलरीतून ऐकू येत होतं हे त्यांच्या कानांनीच सांगितलेलं असणार, ते पुस्तकात वाचून कुणी सांगत नाही.

एक गोष्ट वडिलांकडून ऐकलेली आहे आणि ती पक्की. पृथ्वीराज कपूर नाटक संपलं की मेकअप न उतरवता दारात येऊन उभे राहायचे, हातात झोळी, मान खाली. लोक जाता जाता झोळीत पैसे टाकायचे. वडिलांनी चार आणे टाकले होते. त्यांना वाटलं होतं की पृथ्वीराज वर बघतील. बघितलं नाही. वडील म्हणायचे, बघितलं असतं तर मला चार आण्यांची लाज वाटली असती, त्यांना ते ठाऊक असणार.

तिसरी_घंटा — २१ फेब्रुवारी २०१७

काका, दंडवत. झोळीची गोष्ट खरी आहे, पुष्कळांनी सांगितलेली आहे. पृथ्वी थिएटर्सचं 'शकुंतला' १९४५ मध्ये ऑपेरा हाउसमध्येच लागलं, पुढे 'दीवार', 'पठाण'. कंपनी फिरती होती, जुहूचं आजचं पृथ्वी फार नंतरचं. म्हणजे पृथ्वीला स्वतःचं घर नव्हतं तेव्हा त्यांची ओसरी गिरगावात होती.

पणजीकर — २२ फेब्रुवारी २०१७

गोंयकारांना विसरू नका रे बाबांनो. पुन्हा उघडल्यावर तिथे पहिल्यांदा गायलं कोण? पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेली, गोव्याच्या घरातली, लंडनला नाव काढलेली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका.

आणि ऑपेराचा आमच्याशी जुना संबंध आहे. आमचा तियात्र, म्हणजे कोकणीतलं गाण्यांचं नाटक, जन्माला आला तोच मुंबईत. १७ एप्रिल १८९२, न्यू आल्फ्रेड थिएटर, 'इटालियन भुरगो'. लुकाझिन रिबेरो हा मुंबईत पोट भरायला आलेला गोंयकार, त्याने इथे आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीचे खेळ पाहिले, त्यांच्याबरोबर फिरला, आणि मग कोकणीत तसं काहीतरी करून बघू म्हणाला. म्हणजे साहेबाची करमणूक साहेबाकडेच राहत नाही, मठ्ठभैरव. पडदा ओढणारा, झाडू मारणारा, खाद्यपदार्थ विकणारा, सगळे बघत असतात. त्यांच्यातलाच एक घरी जाऊन आपलं नाटक लिहितो.

मठ्ठभैरव — २२ फेब्रुवारी २०१७

पणजीकर, हे नव्हतं माहीत. शब्द मागे घेतो. अर्धे.

चुनागच्ची — २५ फेब्रुवारी २०१७

उशिरा आले. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. ऑपेरा हाउसच्या कामात मी नव्हते, ते आभा नारायण लांबा आणि त्यांच्या चमूचं. पण काम चालू असताना एकदा आत पाहायला मिळालं होतं, म्हणून दोन गोष्टी सांगते.

ही वास्तू १९५२ पासून गोंडलच्या राजघराण्याची आहे. पैसे त्यांनीच घातले, सरकारी योजना वगैरे नाही. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं होतं, म्हणजे अवस्था काय होती याचा अंदाज करा.

लोकांना वाटतं की जीर्णोद्धार म्हणजे धुऊन पुसून रंग देणं. खरं काम उलट्या दिशेचं असतं. आधी नंतरच्यांनी केलेलं काढावं लागतं. १९२५ च्या आसपास पाथे कंपनीने चित्रपटांसाठी जागा भाड्याने घेतली, पुढे ते पूर्ण सिनेमाघर झालं. सिनेमाला पडदा सरळ दिसायला हवा, नाटकाला माणूस. त्यामुळे आत बरीच तोडफोड झाली, बाजूचे बॉक्स त्यात गेले. आज केळेवाडीताईंना दिसले ते बॉक्स जुने फोटो समोर ठेवून पुन्हा बांधलेले आहेत.

रंगाचंही तसंच. भिंतीवर एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी जागा घेतात आणि सर्जनच्या चाकूने एकेक थर खरवडत खाली जातात. वर पांढरा डिस्टेंपर, खाली पोपटी, त्याखाली ऑइलपेंट, त्याखाली मळ, आणि अगदी तळाशी पहिला रंग. कांद्यासारखं. रडायलाही तसंच येतं, धुळीने.

सगळ्यात छळवाद म्हणजे सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. मध्येच कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मारतो. मग ओल आत अडकते, क्षार फुलतात, आणि आतला दगड पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, टिचकी मारली की बद्द वाजते. आमचं निम्मं आयुष्य टिचक्या मारण्यात जातं.

बरं, ती झुंबरं. ती ससून घराण्याच्या 'सान्स सूसी' बंगल्यातली. तो बंगला पाडलेला नाही बरं का. भायखळ्याचं मसिना हॉस्पिटल आहे ना, तोच. झुंबरं गिरगावात आली, घरात रुग्ण आले.

केळेवाडी — २५ फेब्रुवारी २०१७

चुनागच्ची, माझ्या धाकट्या भावाचा जन्म मसिनाचा! आई तिथे आठवडाभर झोपून छताकडे बघत होती आणि म्हणायची की इथे पूर्वी मोठं झुंबर असणार, आकडा दिसतो. आम्ही हसायचो. आता फोन करते तिला.

कच्चा_हिरा — २६ फेब्रुवारी २०१७

मी ऑपेरा हाउसजवळच्या हिरेबाजारात, पंचरत्न इमारतीत ९ वर्षं नोकरी केली, शेठ २०१० मध्ये बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) नव्या बाजारात गेले. आम्ही थोडे मागे राहिलो होतो. १३ जुलै २०११ ला संध्याकाळी स्फोट झाला तेव्हा मी चहाला दुसऱ्या गल्लीत होतो. त्यानंतर ऑपेरा हाउस म्हटलं की लोकांना तेच आठवायचं. टीव्हीवर तेच नाव. आता गाण्याचा कार्यक्रम, झुंबर असं काहीतरी त्या नावापुढे येतंय ते बरं वाटतं. बाकी मला नाटकातलं कळत नाही.

केळेवाडी — २६ फेब्रुवारी २०१७

कच्चा_हिरा, लिहिलंत ते चांगलं केलंत.

मठ्ठभैरव — २७ फेब्रुवारी २०१७

आता माझा उरलेला अर्धा शब्द. एवढं सगळं झालं, मान्य. पण आपलं नेहमीचं मराठी नाटक तिथे लागणार का? रविवारी दुपारी चारचा प्रयोग, बाहेर गजरेवाली, मध्यंतरात बटाटावडा. का आपण फक्त छत बघायला जायचं?

तिसरी_घंटा — २७ फेब्रुवारी २०१७

मी निर्मिती सांभाळतो, मला विचारा. हिशोब मांडून दाखवतो.

ऑपेरा हाउसमध्ये खुर्च्या ५७५. समजा सरसकट ३०० रुपये तिकीट ठेवलं आणि हाउसफुल्लचा बोर्ड लागला, तर गल्ला १,७२,५०० रुपये. यात थिएटरचं भाडं, पेपरातली जाहिरात, कलाकारांची नाइट (दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेज, नेपथ्याचा टेंपो, बस, लाइट, कपडेपट, चहापाणी. आणि हाउसफुल्ल हे स्वप्नातलं आहे. साधा रविवार अर्ध्यावर आला तरी आम्ही देवाला नारळ फोडतो. थोडक्यात, भाडं आमच्या पोटात मावलं तर प्रयोग, नाहीतर नाही. यात कुणी दुष्ट नाही. ज्यांनी पदरचे पैसे घालून इमारत उभी केली त्यांनाही ती चालवायचीच आहे. झुंबराचे दिवे आणि घुमट पुसायचा खर्च गजऱ्यातून निघत नाही.

आमचं नाटक शिवाजी मंदिरला, यशवंतला, गडकरीला लागतं कारण तिथला प्रेक्षक आमच्या सवयीचा आहे आणि आम्ही त्याच्या. गिरगावातच साहित्य संघ मंदिर आहे, केळेवाडीत, १९६४ पासून. ताईंचं नाव त्याच गल्लीवरून असणार. ऑपेरा हाउसपासून चालत किती? पंधरा मिनिटं. तिथली बाल्कनी कधी भरलेली पाहिलीत अलीकडे? गिरगावातला नाटकाचा प्रेक्षक डोंबिवली-बोरिवलीला गेला, मग प्रयोगही त्याच्यामागे गेले. त्याचं खापर घुमटावर फोडू नका.

वड्याबद्दल मात्र काही बोलत नाही. तो श्रद्धेचा विषय.

केळेवाडी — २७ फेब्रुवारी २०१७

हो, नाव त्याच गल्लीवरून. आणि डोंबिवलीचा टोमणा लागला. पुढच्या महिन्यात साहित्य संघात जाईन म्हणते, लोकल मिळाली तर.

पानसुपारी — २८ फेब्रुवारी २०१७

ताई, शेवटची लोकल बघून नाटक बघायचं म्हणजे तिसरा अंक नेहमी दुसऱ्याकडून ऐकायचा.

चुनागच्ची — ३ नोव्हेंबर २०१७

धागा वर काढते. ऑपेरा हाउसला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, 'अवॉर्ड ऑफ मेरिट'. त्याच यादीत भायखळ्याचं क्राइस्ट चर्चही आहे, आणि शहरातल्या दोन जुन्या कारंज्यांचा उल्लेख आहे, वेलिंग्टन आणि बोमनजी होरमसजी वाडिया. मला कारंज्यांचा जास्त आनंद झाला. त्यांना तिकीट लागत नाही.

मठ्ठभैरव — ३ नोव्हेंबर २०१७

अभिनंदन. उरलेला पाव शब्द मागे.

रंकाळा — १० ऑगस्ट २०२४

जुना धागा वर काढतोय, माफ करा. नवीन काढायला हात उठंना.

परवा रात्री आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. बातम्यात बघितलं असंल. मी शिवाजी पेठेतला, धूर दिसला तसा गाडी काढली. खासबागेच्या बाजूनं गेलो तर पोलिसांनी पुढं सोडलं नाही. माणसं नुसती उभी होती. एक म्हातारा बॅकस्टेजवाला, त्याला मी वळखतो, तो विंगा मोजत होता. "आता दुसरी गेली. आता तिसरी." छप्पर खाली आलं तसा गप्प झाला.

ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेलेले, तिकडची थेटरं बघून आले. १९१२ ला खासबागेचं कुस्तीचं मैदान झालं आणि त्याच्या शेजारी १९१३ ला हे थेटर बांधायला घेतलं, १९१५ ला उघडलं. पॅलेस थिएटर नाव. मधी एकबी खांब नाही, कुठंबी बसा, नट दिसतोय. एका अंगाला पैलवान, एका अंगाला गायक, असा आमचा राजा. नंतर केशवरावांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच, जयंती ९ ऑगस्टला. जळालं ८ ला रात्री. दुसऱ्या दिवशी जयंतीला कलाकार हार घेऊन राखेसमोर उभे होते.

वर घंटा आणि काकांचं 'संयुक्त मानापमान'वरनं चाललेलं वाचलं आणि हितंच लिवावं वाटलं. तुमच्या त्या धैर्यधराचं घर होतं हे.

सगळे म्हणतायत, होतं तसं बांधू. मला चुनागच्ची ताईंना विचारायचंय, होतं तसं म्हंजे कसं? कशावरनं?

तिसरी_घंटा — १० ऑगस्ट २०२४

काय बोलू. आमच्या नाटकाचे कितीतरी प्रयोग झालेत तिथे. कोल्हापूरचा प्रेक्षक दाद देतो तेव्हा रंगमंचाची फळी हलते, हे अंगावर घेतलेलं आहे.

चुनागच्ची — १० ऑगस्ट २०२४

रंकाळा, फार वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पुढचे काही दिवस महत्त्वाचे आहेत.

राडारोडा ट्रकात भरून नेऊ देऊ नका, निदान चाळल्याशिवाय. अर्धवट जळालेली लाकडाची एक चौकट, एक कंगोरा, एक बिजागर, रंगाचा एक ढलपा, प्रत्येक गोष्टीचा एकेक नमुना हवा. एक खरा तुकडा मिळाला की त्यावरून शंभर करता येतात. एकही नाही मिळाला की मग 'जुन्या पद्धतीचं' असं काहीतरी कॅटलॉगमधून येतं. दगडी भिंती उभ्या असतील तर त्या आगीने किती कमजोर झाल्यात हे जाणकाराने बघेपर्यंत पाडायची घाई नको. दगड तापून रंग बदलतो, त्यावरून बरंच कळतं.

आणि फोटो. आधीच्या दुरुस्तीच्या वेळचे नकाशे, मापं असतीलच. पण नकाशात नक्षी नसते. ती असते लोकांच्या फोटोत. ऑपेरा हाउसचे बॉक्स फोटोंवरूनच उभे राहिले. तुमच्याकडे तर राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, सत्कार, सगळं तिथेच व्हायचं. घराघरातल्या अल्बमात त्या थेटराचे तुकडे पडलेले असणार. माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा.

पानसुपारी — ११ ऑगस्ट २०२४

वय झालं, जास्त टंकता येत नाही. २०१७ मध्ये मी आजोबांच्या चुकीवर हळहळत होतो. आज वाटतं, त्यांच्याजवळ त्या दिवशीचा एक फोटो असता तर! फोटोला तीन संध्याकाळींची एक करता येत नाही.

केळेवाडी — १३ ऑगस्ट २०२४

रंकाळा, चुनागच्ची, हे वाचून काल माळा उघडला.

माझी आत्या, कबुतरवाली, बँकेत होती. तीन वर्षं तिची बदली कोल्हापूरला होती आणि बँकेच्या हौशी मंडळीत ती नाटकात काम करायची. ती आता नाही. तिची ट्रंक आमच्याकडे आहे, ती डोंबिवलीपर्यंत का आणली असं सगळ्यांनी मला विचारलं होतं.

एक फोटो मिळालाय, काळा-पांढरा. रंगमंचावरून प्रेक्षागृहाकडे तोंड करून काढलेला, सगळी मंडळी पाठीमागे रिकाम्या खुर्च्या घेऊन उभी आहेत. आत्या डावीकडे, नऊवारीत, चष्मा काढायला विसरलेली. तिच्या खांद्यामागे एक दार आहे. चौकट पूर्ण दिसते, वरची कमान अर्धी. बाकीची अर्धी कॅशियरसाहेबांच्या डोक्यामागे गेली. चालेल का?

रंकाळा — १३ ऑगस्ट २०२४

चालेल? ताई, पळेल! हितं आम्ही एका जागी फोटो गोळा करायला लागलोय. मोबाइलनं नको, दुकानात नीट स्कॅन करून पाठवा, जेवढा मोठा होईल तेवढा.

चुनागच्ची — १३ ऑगस्ट २०२४

अर्धी कमान पुरते, उरलेली अर्धी तिचं प्रतिबिंब असते. कॅशियरसाहेबांना माफ करा.

स्कॅन करताना मागची बाजूही करा. बरेचदा मागे तारीख, स्टुडिओचा शिक्का, नाटकाचं नाव असतं. त्यावरून साल पक्कं करता येतं.

केळेवाडी — १४ ऑगस्ट २०२४

पाठवला. मागे शिक्का नाही, सालही नाही. आत्याच्या अक्षरात एकच ओळ आहे: "दुसऱ्या अंकात मी वाक्य विसरले, कुणाला कळलं नाही."

रंकाळा — १४ ऑगस्ट २०२४

पोचला. दार कुठलं ते म्हाताऱ्या बॅकस्टेजवाल्यानं लगेच वळखलं. उजवीकडचं, मागनं दुसरं. म्हणाला, त्याची कडी लागायची नाही, प्रयोगाला आम्ही कागदाची घडी घालायचो.